अनाथ कोणाला म्हणायचे?

नामपल्लीहून एलबी नगरकडे जाणाऱ्या मेट्रोत दिलसुखनगर आणि चैतन्यपुरी मागे पडले की ‘व्हिक्टोरिया मेमोरियल’ नावाचे स्टेशन लागते. सहावे निजाम महबूब अली पाशा यांचा सरूरनगरचा महाल त्यांना लाभला नाही, असे जुने लोक सांगतात. १९०१ साली राणी व्हिक्टोरिया वारली आणि पुढे तिच्या स्मरणार्थ त्या महालात अनाथ मुलांची सोय झाली. इकडे आपल्या आबिड्सला लागून, नामपल्ली स्टेशनाजवळ, अनीस-उल-गुरबा आहे. यूसुफगुड्याला सरकारी शिशुविहार आहे. वाढदिवसाला किंवा श्राद्धाला अशा एखाद्या ठिकाणी जेवण देण्याची रीत आपल्या कितीतरी घरांत आहे. आपण तिथे जातो, पंगत बसते, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि “बिचारी, यांना कोणी नाही” असे म्हणत घरी येतो.

त्या मुलांपैकी खरोखर कोणीच नसलेली मुले किती, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने आठ राज्यांना एक पत्र पाठवले. त्यात तेलंगणही होते आणि महाराष्ट्रही. बालगृहांतली मुले शक्यतो शंभर दिवसांत त्यांच्या घरी पोचवा, असे ते पत्र होते. देशातल्या बालगृहांत तेव्हा सुमारे २ लाख ५६ हजार मुले होती आणि त्यांतली सुमारे १ लाख ८४ हजार या आठ राज्यांत. घरी पोचवा असे म्हणता येते, याचाच अर्थ घर आहे. आई नाही तर बाप आहे, दोघे नसतील तर आजी आहे, मामा आहे. शंभर दिवसांचा तो हुकूम घाईचा होता आणि त्यावर टीकाही झाली. प्रत्येक घर सुरक्षित असतेच असे नाही. दारूडा बाप आणि मारहाण यांमुळेही मूल बालगृहात येते. पण एक गोष्ट त्या पत्राने सरकारी कागदावर आणली. आपण ज्यांना अनाथ म्हणतो त्यांतले बहुतेक जण अनाथ नसतात, गरीब असतात.

या घोटाळ्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि त्याची सुरुवात मात्र फार चांगली झाली होती.

१८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे तेव्हा विहीर किंवा पोराचा गळा, एवढेच दोन रस्ते असत. फुल्यांनी तिसरा रस्ता दाखवला. गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हा, असे जाहीर करताना त्यांनी एक अट घातली नाही, हे माझ्या मते त्या कामातले सगळ्यात मोठे पाऊल आहे. मूल तिथे ठेवायचे की बरोबर न्यायचे, हे त्यांनी आईवर सोडले. संस्थेने ठरवायचे नाही, समाजाने नाही आणि सरकारने तर नाहीच. तिथे जन्मलेल्या यशवंतला त्यांनी पुढे दत्तक घेतले, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आईच्या मर्जीची ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यानंतर बारा वर्षांनी, १८७५ साली, पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर या गुजराती मुन्सफाने प्रार्थना समाजाच्या मदतीने तसेच काम उभे केले. पंढरपूरच का, हे वारीला जाऊन आलेल्यांना सांगायला नको. यात्रेच्या गर्दीत कोण कुठली हे कोणी विचारत नाही, त्यामुळे अडलेल्या बाया तिथे येत. ते काम पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून नावारूपाला आले. मग १८९६ साली धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम निघाला, पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला. या सगळ्या कामांच्या मुळाशी एकच गोष्ट होती. आईला समाजाची भीती होती किंवा घरात धान्य नव्हते, आणि तिला कोणीतरी आधार देत होते.

सरकार या क्षेत्रात उतरले ते मात्र वेगळ्या मनाने उतरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जातीच्या जाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. १८९७ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्यात सहा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी हीच तरतूद राहिली. कारण काय, तर आईबापांची संगत वाईट. सोलापुरात कैकाडी, पारधी, भामटे अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवले, ती सेटलमेंट. आज त्या वस्तीला सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात. आपल्यातल्या बऱ्याच घरांचे सोयरे सोलापूर-गुलबर्गा लाइनीवर आहेत, त्यांना ती जागा माहीत असेल. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुले अशीच ‘त्यांच्या भल्यासाठी’ उचलून नेली जात. त्याबद्दल त्या देशाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली. आपल्याकडे कोणी मागितल्याचे माझ्या वाचनात नाही.

मुलांसाठी म्हणून वेगळे कायदेही होत होते. मद्रासचा १९२०, मुंबईचा १९२४. आपल्या हैदराबाद संस्थानाचे राज्य झाल्यावर १९५१ साली इथेही बाल कायदा झाला; तेव्हा मराठवाडा आपल्याबरोबर होता, म्हणजे औरंगाबाद-नांदेडच्या पोरांनाही तोच लागू. या कायद्यांत ‘निराधार मूल’ आणि ‘गुन्हेगार मूल’ यांच्यातली भिंत पातळ होती. मूल रस्त्यावर सापडले की पोलीस उचलणार आणि कुठेतरी कोंडणार. शीला बर्से या मराठी पत्रकार बाईंनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न सुप्रीम कोर्टात नेला तेव्हा, १९८६ साली, कोर्टाला राज्याराज्यांतून मुलांच्या याद्या मागवाव्या लागल्या. त्याच वर्षी सगळ्या देशाला एक बालन्याय कायदा मिळाला. तो पुढे २००० साली आणि मग २०१५ साली नव्याने लिहिला गेला.

दत्तकाची गोष्ट याला समांतर चालली होती. परदेशी जोडप्यांना इथले मूल न्यायचे तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली आधी पालक व्हायचे आणि मग आपल्या देशात जाऊन दत्तक घ्यायचे, असा वळसा होता. मधल्या वाटेत दलाल बसले. लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने १९८२ साली सुप्रीम कोर्टाला एक पत्र लिहिले. त्या पत्राचीच याचिका झाली आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये न्या. भगवतींनी निकाल दिला. मूल जन्मायच्या आधी किंवा जन्मल्यापासून तीन महिने आईकडून सोडचिठ्ठी घ्यायची नाही, तिला पैशाचे आमिष दाखवायचे नाही, सही कशावर करते आहे हे तिला समजावून सांगायचे, अशी बंधने त्यात आहेत. १८६३ मध्ये फुल्यांनी जे आईवर सोडले होते, तेच कोर्टाने एकशे वीस वर्षांनी कायद्याच्या भाषेत लिहिले, असे मला वाटते.

पंधरा वर्षांनी ते आपल्याच राज्यात पायदळी तुडवले गेले.

देवरकोंडा हे गाव आपल्याला नागार्जुनसागरच्या सहलीमुळे तरी माहीत असते. नलगोंडा जिल्ह्यातला तो भाग कोरडवाहू, पाणी फ्लोराइडचे. चंदमपेटसारख्या मंडलांत लंबाड्यांचे तांडे आहेत. लंबाडे म्हणजे आपले बंजारे. वसंतराव नाईकांच्या समाजाचेच लोक. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर फिरणारा हा समाज रेल्वे आणि सडका आल्यावर बसला, आणि वाट्याला आली ती बरड जमीन. हैदराबाद विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक भांग्या भुक्या स्वतः याच समाजातले. त्यांनी आणि गीता रामस्वामींनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. लंबाड्यांत पूर्वी लग्नात मुलीकडच्यांना देज मिळायचे. शेजारच्या शेतकरी जातींचे अनुकरण होता होता उलटे झाले आणि हुंडा आला. घरातली मुलगी धनाची होती ती ओझ्याची झाली. दुसरी-तिसरी मुलगी झाली की तांड्यात रडारड.

नेमके तिथे दलाल पोचले. १९९९ साली आणि पुन्हा २००१ साली तान्ह्या मुलींच्या खरेदीची प्रकरणे उघडकीस आली. नलगोंड्याचे तांडे आणि तांडूरकडचा भाग यांत मुख्य होता. त्या वेळच्या बातम्यांप्रमाणे आईबापांच्या हाती काही शे किंवा हजार-दोन हजार रुपये पडत. हैदराबादेतल्या संस्थेत पोचेपर्यंत त्या मुलीचे कागद तयार होत आणि परदेशी जोडप्याकडून त्याच मुलीसाठी डॉलरमध्ये देणगी येई. कागदावर सगळे जागच्या जागी असे. आईने खुशीने सोडले, हा अंगठा. समजावून सांगितले, ही साक्षीदाराची सही. तीन महिने झाले, ही तारीख.

मी सरकारी नोकर आहे, पण या खात्यातला नाही. तरीही एक गोष्ट कुठल्याही खात्यातल्या माणसाला कळते. फाइल टेबलावर आली की आपण यादी बघतो. सात कागद पाहिजेत, सात आहेत, पुढे पाठवा. आठवा प्रश्न विचारायची सवय नोकरीत लागत नाही. उलट, विचारला तर ‘फाइल अडवतो’ असा शिक्का बसतो. १९८४ च्या निकालाने आईला सांभाळण्यासाठी जे कागद लावले, तेच कागद दलालांनी तिला गायब करण्यासाठी वापरले. कोर्टासमोर कागद गेले, आई गेली नाही. तांड्यातल्या बाईशी लंबाडी बोलीत कोणी बोलले का, असा रकाना कुठल्याच फॉर्मवर नव्हता.

यातली सगळ्यात अंगावर येणारी हकीकत अमेरिकेतून आली. अलाबामातले कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड स्मोलिन आणि त्यांची पत्नी यांनी १९९८ साली आंध्रातून दोन मोठ्या बहिणी दत्तक घेतल्या. मुली घरी आल्यावर सांगू लागल्या की आपली आई आहे आणि तिने आपल्याला देऊन टाकलेले नाही. आईने पोरींना संस्थेत ठेवले होते ते शिक्षण आणि दोन वेळचे जेवण मिळावे म्हणून. आपल्याकडे मूल वसतिगृहात ठेवतात तसे. स्मोलिन दांपत्याने दाद मागितली, कोणी मनावर घेतले नाही. पुढे काही वर्षांनी आईचा शोध लागला. तोवर मुली मोठ्या झाल्या होत्या, दुसऱ्या देशाच्या झाल्या होत्या. या प्राध्यापकांनी मग आयुष्यभर याच विषयावर लिहिले. काळा पैसा जसा पांढरा करतात, तसे चोरलेले मूल कागदपत्रांतून फिरवून ‘अनाथ’ करतात, हा त्यांचा मुद्दा जगभर उचलला गेला. त्याचे मूळ आपल्या राज्यात आहे.

एप्रिल २००१ मध्ये सरकारने हालचाल केली. संस्थांतली बाळे शिशुविहारात हलवली आणि आदेश निघाला की गरिबी, पोरांची संख्या किंवा मुलगी नको या कारणांवरून आईबापांना मूल सोडता येणार नाही. आदेश योग्य दिशेचा होता, पण त्याने नवा पेच निर्माण केला. नको असलेल्या मुलीला सोडायची वाट बंद केली तर तिचे तांड्यात काय होईल? स्त्री-अर्भकहत्या त्या भागात होत होती, हे कोणी नाकारत नाही. दुसरीकडे, ज्या परदेशी जोडप्यांना बाळाचा फोटो आधीच पाठवला होता, ज्यांनी नाव ठेवून पाळणा आणून ठेवला होता, ती मुसीकाठच्या हायकोर्टात खेटे घालत राहिली. त्यांतल्या बहुतेकांना दलालाचे नावही माहीत नसणार. आणि बाळे मात्र संस्थेच्या खाटेवर मोठी होत होती. अशा प्रकरणात एक पक्ष राक्षस आणि दुसरा देव असे लिहिले की लेख सोपा होतो, पण खरा होत नाही.

हुकमाने जे झाले नाही ते थोडेफार झाले तांड्यांवर जाऊन. रुक्मिणी राव यांच्या ‘ग्राम्या’ संस्थेने १९९७ पासून त्या भागात काम धरले. मुलगी झालेल्या घरी जायचे, बायकांचे गट बांधायचे, मुलींच्या शाळेची सोय करायची. आईला मूल सोडावेसे वाटते त्याची कारणे दूर करायची, म्हणजे सोडचिठ्ठीचा प्रश्नच कमी होतो. काम संथ आहे आणि त्याचा फोटो पेपरात चांगला येत नाही.

महाराष्ट्राने नाक वर करू नये. पुण्याच्या ‘प्रीतमंदिर’ संस्थेचे प्रकरण २००६ साली टीव्हीवर आले आणि मुंबई हायकोर्टाच्या आदेशाने २०१० मध्ये सीबीआयकडे गेले. त्यामागे पुण्याच्या अंजली पवार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची धावपळ होती. स्वित्झर्लंडमध्येही काही वर्षांपूर्वी संशोधकांनी जुन्या फाइली उघडल्या. १९७३ ते २००२ या काळात भारतातून तिथे २,२७८ मुले गेली, आणि तपासलेल्या फाइलींत आईच्या संमतीचा कागद मिळेना.

परदेशातली उलट बाजूही आपण पाहिली आहे. २०११ साली नॉर्वेत एका बंगाली जोडप्याची दोन मुले तिथल्या बालकल्याण खात्याने काढून घेतली. हाताने भरवणे, मुलांना आपल्या बिछान्यात घेऊन झोपणे यांवर बोट ठेवले गेल्याचे पेपरांत आले तेव्हा आपल्या प्रत्येक घरात संताप झाला. पुढे त्यावर राणी मुखर्जीचा सिनेमाही आला. त्याच देशात एका तेलुगू जोडप्याला पोराला मारल्याबद्दल शिक्षा झाली ते २०१२ साल, आणि त्यांची मुले हैदराबादेत आजीआजोबांकडे होती. २०२१ पासून बर्लिनमध्ये एका गुजराती जोडप्याची लहानगी सरकारच्या ताब्यात आहे. आपली मुले-सुना अमेरिकेत, जर्मनीत आहेत, म्हणून ही भीती आपल्याला लगेच समजते. तांड्यातल्या बाईची भीती समजायला मात्र वेळ लागतो. तिकडचे खाते घरात फार शिरते. इकडचे तिच्या घरापर्यंत पोचतच नाही. पोचतो तो दलाल. दोन्हीकडे आईचे म्हणणे ऐकून घेणारा माणूस नसतो, एवढे सारखे.

आता कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या मोलकरणीवर, वॉचमनवर अशी वेळ आली तर सांगता यायला हवे. २०१५ च्या कायद्याप्रमाणे मूल सोडायचे ते संस्थेकडे नव्हे, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक बाई. सही केल्यावर आईबापांना विचार बदलायला दोन महिने मिळतात. सोडलेल्या मुलाची जी व्याख्या आहे तिच्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक कारणे लिहिली आहेत. ‘आर्थिक’ हा शब्द नाही. म्हणजे पैसे नाहीत म्हणून मूल सोडते असे बाई म्हणाली, तर समितीने सोडचिठ्ठीचा फॉर्म काढण्याऐवजी मदतीचा फॉर्म काढला पाहिजे. ती मदतही आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल घरीच राहावे म्हणून महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिची रक्कम आता महिन्याला २,२५० रुपये आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तर कायद्याच्या तिसऱ्या कलमातच लिहिले आहे. अडचण असेल तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

यातली खाचही सांगतो. ४,००० रुपयांसाठी उत्पन्नाचा दाखला, आधार, बँकेचे खाते, विधवेला नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, एवढे जमवायला कचेरीत कितीदा जावे लागते हे मला माहीत आहे. रोजंदारी बुडवून कोण येणार? मूल बालगृहात ठेवायला मात्र त्या मानाने कमी खेपा लागतात. जोवर मूल घरी ठेवण्याचा रस्ता मूल सोडण्याच्या रस्त्यापेक्षा लांबचा आहे, तोवर कलम तिसरे कागदावर राहणार. माझे मत विचाराल तर समितीने आधी हे दाखले स्वतः गोळा करावेत. तहसीलचे रेकॉर्ड सरकारचेच आहे, ते आणायला त्या बाईला का पाठवायचे? आणि आईची भाषा येणारा माणूस सहीच्या वेळी समोर असल्याची नोंद सक्तीची करावी. लंबाडी, गोंडी, उर्दू, मराठी, जी असेल ती. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. काम लवकर होते ही चांगली गोष्ट, पण कलेक्टरच्या टेबलावर फाइलींचा ढीग किती असतो तेही आम्ही बघतो.

१९९९-२००१ च्या आसपास बाहेर गेलेल्या त्या मुली आज पंचविशीच्या आत-बाहेर आहेत. दत्तक गेलेल्याला सज्ञान झाल्यावर आपले मूळ शोधण्याचा हक्क आता नियमांत आहे. संस्थेकडे किंवा केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. जर्मनीत वाढलेले अरुण डोहले यांना पुण्यातली आपली फाइल बघण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या, त्या मानाने हे पुष्कळ झाले. पण फाइल मिळाल्यावरही तिच्यात जे लिहिले असेल तेवढेच मिळणार. तांड्याचे नाव नाही आणि आईच्या नावापुढे एक अंगठा, असा कागद घेऊन एखादी मुलगी देवरकोंड्याच्या बसमध्ये बसली, तर कंडक्टरला उतरायचे कुठे सांगणार?